चारशे की आठशे

११ जानेवारी

प्रिय बंब,

तुझे साहेब निवृत्त झाले. आमच्या लग्नात ह्यांचा कोट बघून तूच ते नाव ठेवलंस आणि पुढे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हे खरोखरच साहेब झाले, त्यामुळे तुझं नाव खोडताही आलं नाही. निरोपाची भाषणं झाली, भेट म्हणून घड्याळ मिळालं. घरी आल्यावर ह्यांनी ते कपाटात टाकलं आणि त्याच कपाटातून पुठ्ठ्याची नळी बाहेर काढली. आत काय होतं ओळख. तुमच्या डोंगरांचा नकाशा. लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेला. घड्यांवर फाटलाय, पण घाटांची वळणं अजून दिसतात.

तुला आठवतंच असेल. तेव्हाची ती अडीचशे सीसीची जुनी मोटरसायकल, पुढे हे, मागे मी, माझ्या कोटाच्या आत हाच नकाशा. "एकदा तिकडे जाऊ," हे म्हणायचे. मग लेक झाली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग बढती, मग कर्ज, मग लेकीचं लग्न. गाडी विकली तेव्हा मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, निवृत्त झालो की जाऊ. म्हटलेलं विसरत नाही मी. गायनाच्या सिस्टरनी मला "पेन्सिल" म्हणायला सुरुवात केली ती काही फक्त काडीसारखी होते म्हणून नव्हे. लिहून ठेवते म्हणूनही.

तर आम्ही उन्हाळ्यात येतोय! गाडी तुमच्याच गॅरेजातून भाड्याने घ्यायची, हे नक्की. पण कुठली, ह्यावरून घरात रोज वाद. हे म्हणतात चारशे सीसीचं इंजिन पुरे. मी म्हणते, आपण दोघं, सामान दोघांचं, तुमचे ते चढ. ह्यांचं म्हणणं, "अडीचशेवर चढलो होतो की." मी म्हटलं, "तेव्हा आपल्या दोघांचं मिळून वजन आत्ताच्या तुमच्या एकट्याइतकं होतं." माहेरी आलेली लेक हसली, हे हसले नाहीत.

तुझ्या गॅरेजवाल्यांना विचारून सविस्तर लिही. आणि हो, माझं काम मी विसरलेले नाही. चढावर इंजिनाचा सूर पडायला लागला की ह्यांच्या डाव्या खांद्यावर एक थाप द्यायची, म्हणजे हे गिअर खाली घेत. ह्यांना ते कधी ऐकूच यायचं नाही ग. सिस्टर म्हणायच्या ना, "सूर पडल्यावर सगळ्यांनाच कळतं, पडायच्या आधी ऐका." शाळेच्या गायनवृंदात शिकलेलं ते एवढंच माझ्या संसारात कामाला आलं. आता तर ह्यांचा डावा कान जास्तच मंद झालाय. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. पण तसं म्हटलेलं आवडत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान मला बोलायला मिळतं.

तुझी,
पेन्सिल


२ फेब्रुवारी

पेन्सिलबाई,

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. इंजिनाचा प्रश्न आला आणि आमच्या गॅरेजवाल्यांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्या एकाही प्रश्नाला हा मान आजवर मिळालेला नाही.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "आकडा म्हणजे इंजिनाची छाती. एका दमात किती हवा आत घेते, ते. माणूस एकटा, मागे एक बोचकं, तर चारशे. त्याहून मोठी घेऊच नये. वळणावर आडवी झाली तर उचलायची कुणी? पण मागे माणूस असेल, दोन्ही बाजूंना पेट्या असतील, तर चढावर चारशे रडते. वर हवा विरळ, इंजिनालाही धाप लागते. दोघांना आठशे. आठशेचा जोर दाखवायचा नसतो, हाताशी ठेवायचा असतो."

मी म्हटलं, "एवढं गोड तुम्ही माझ्याविषयी कधी बोलला नाहीत." तर म्हणतात, "तुझा जोर हाताशी राहतो कुठे?"

तर तूच बरोबर होतीस आणि साहेब चूक. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं वाट बघावी लागली, म्हणून पुन्हा लिहिते. साहेब चूक.

तू येणार ह्या कल्पनेनेच मी गॅरेजच्या वरची खोली रंगवायला काढली आहे. खिडकी नेमकी चढाच्या बाजूला उघडते. तिथे दोघी बसू आणि गाड्यांचे आवाज ऐकून कोण चुकीच्या गिअरमध्ये आहे ते ओळखू. मला ओळखता येत नाही, तू सांग, मी टाळ्या वाजवीन. वृंदातही मी तेवढंच करत होते. मागच्या रांगेत उभी राहून नुसतं तोंड हलवायचं, हे सिस्टरना शेवटपर्यंत कळलं नाही.

तुझा बंब


१९ फेब्रुवारी

प्रिय बंब,

तुझ्या गॅरेजवाल्यांचा निकाल मी चहाच्या वेळी जाहीर केला. वाटलं होतं हे वाद घालतील. घातलाच नाही. "बघू," म्हणाले आणि पेपर वर केला. मग थोड्या वेळाने पेपरामागून आवाज आला, "गाडीचं मी बघतो. मी त्यांच्याशी थेट बोलतो. तू त्यात पडू नकोस."

मला ह्यांची दया आली ग. पाठीचं दुखणं आहे, ते सांगत नाहीत. आठशेची गाडी जड, आपल्याच्याने सावरणार नाही, ही भीती असणार. पुरुषांना भीती वाटली की ते मोठा आवाज काढतात किंवा गप्प बसतात. आमचे दुसऱ्या जातीतले.

माझी तयारी जोरात आहे. रोज दुपारी इस्त्रीची फळी मांडते आणि तिच्यावरून पाय टाकते. पहिल्या आठवड्यात फळी आडवी, मी आडवी. आता एका हाताने भिंत धरून जमतं. आमची इमारत चार मजल्यांची, मी गच्चीपर्यंत चढून जाते आणि गुडघ्यांशी बोलत खाली येते. काल फळीवरून पाय गेला तेव्हा हे दारात उभे होते. "शाबास," म्हणाले. किती वर्षांनी ऐकला तो शब्द! आणि मी शहाण्यासारखी फळीवरून उतरून पुन्हा एकदा करून दाखवलं.

जाकीटही शिवतेय. दोघांची. जाड कापड आहे, मशीनच्या दोन सुया मोडल्या. आत अस्तर निळं घातलंय, आपल्या शाळेच्या पट्ट्याच्या निळ्याचं. ह्यांच्या जाकिटाला डाव्या खांद्यावर अस्तराचा एक थर जास्त दिलाय, थाप लागते तिथे. ह्यांना सांगितलेलं नाही.

आता तुझ्याकडे एक काम. हे चारशेचीच सांगणार, मला माहीत आहे. तू गॅरेजवाल्यांच्या कानात सांगून ठेव आणि गुपचूप आठशे लावून घे. आल्यावर समोर उभी दिसली की नाही म्हणणार नाहीत. रागावले तर माझ्यावर ढकल. नेहमीसारखं.

तुझी,
पेन्सिल


१५ मार्च

प्रिय पेन्सिल,

उत्तराला उशीर झाला. इथे हवा फार विचित्र आहे. सकाळी ऊन असतं, दुपारपर्यंत डोंगरावर ढग उतरतात आणि संध्याकाळी असा वारा सुटतो की गॅरेजचं शटर थरथरतं. मागच्या वर्षी या दिवसांत झाडांना पालवी होती, यंदा अजून काड्याच. म्हातारे लोक म्हणतात उन्हाळा उशिरा येणार, घाटात बर्फ राहील. वाराही गार असेल.

मी काय म्हणते, मागे बसून एवढे तास पाठीला हादरे. आपली वयं बघ. तू सरळ बसने माझ्याकडे का येत नाहीस? साहेबांना फिरू दे त्या घाटांत. आपण दोघी इथे राहू, वरच्या खोलीत. खोली रंगवून झाली. पिवळी केली. पडद्यांना कुठला रंग चांगला दिसेल?

काल पुन्हा पाऊस पडला. आज मात्र आकाश स्वच्छ आहे.

तुझी,
बंब


२८ मार्च

बंब,

पूर्ण दोन परिच्छेद हवा?

तुला वाटलं मी विसरले? वसतिगृहात आपली घरी जाणारी पत्रं मदर उघडून वाचायच्या. म्हणून लपवायचं काही असलं की आपण हवा लिहायचो. तुला गोवर झाला तेव्हा तू "इकडे ऊन छान आहे" लिहिलंस, मला वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा मी "गार वारा सुटला आहे" लिहिलं. आपल्या दोघींच्या आयांना कधी कळलं नाही. पण मला कळतं ग. मी तुझ्या शेजारच्या पलंगावर झोपत होते.

काय लपवतेस, तेही ओळखलंय. आम्ही आलेलं तुला नकोय. गॅरेजवाल्यांना आम्हाला चांगली गाडी द्यायची नसेल, ओळखीतली माणसं म्हणजे नसती कटकट. किंवा त्याहून वाईट. मी ह्या वयात मागे बसून घाट चढायचा म्हणतेय, हे तुला हास्यास्पद वाटतं. "आपली वयं बघ." तुझं वय तू बघ. मी चौथ्या मजल्यावर जाते. आता भिंतही धरत नाही.

तुझा नवरा तुला आयुष्यात कधी मागे बसवून कुठे घेऊन गेला नाही, तू त्याच्या गाड्या पुसत राहिलीस. म्हणून माझा नवरा मला नेतोय हे तुला बघवत नसेल, तर तसं लिही. बसने ये म्हणू नकोस.

माझ्या एका प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर दे. आठशे लावली की नाही?

पेन्सिल


१४ एप्रिल

पेन्सिल,

नाही लावली.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला मनातल्या मनात मारत होते. मग लक्षात आलं, मी लपवतेय हे तू बरोबर ओळखलंस, फक्त काय ते चुकलीस. आणि ते चुकलीस याचंच मला वाईट वाटलं. तुझ्या मनात दुसरी शंका आलीच नाही.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तशी मी खाली गॅरेजात गेले. म्हटलं, "पेन्सिलच्या नावावर आठशे लावा." ते हात पुसत बसले. फडकं खाली ठेवेनात. मग म्हणाले, "चारशेच राहू दे."

"अहो, दोघं आहेत ना ती?"

"एकच आहे. साहेबांचा फोन आला होता. एकट्याला चारशे पुरेल ना, असं विचारत होते. मागची सीट काढून तिथे सामानाचं कॅरिअर बसवा म्हणाले. बायकोच्या गुडघ्यांना झेपणार नाही, तिची समजूत घातली आहे, असंही म्हणाले."

मी म्हटलं, "समजूत? ती तिकडे जाकिटं शिवतेय!" त्यावर आमच्या माणसाचं उत्तर, "गिऱ्हाईकाच्या घरात आपण डोकावायचं नसतं." मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मदर आता वाचत नसल्या तरी.

मला वाटलं साहेब तुला सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. म्हणून बसने ये लिहिलं, म्हणजे निदान तू इथे असशील. तेही मला धड जमलं नाही.

ती काढलेली सीट गॅरेजात खिळ्याला टांगली आहे. मला येता-जाता दिसते. एकदा मी तिच्यावर फडकं टाकलं.

मी गाड्या पुसते हे तू लिहिलंस ते खरं आहे. रागावले नाही असं लिहिणार नाही.

बंब


२० मे

बंब,

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी विचारलं. इस्त्रीची फळी मधे होती, मी एका बाजूला, हे दुसऱ्या. मी म्हटलं, "चारशे का हवी होती ते कळलं मला." आधी म्हणाले, "कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं हा पहिला प्रश्न. मग म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी? स्टेशनवर?"

बसले. चष्मा काढला. आणि फार शांतपणे बोलले ग, कचेरीत कुणाला बदलीचा हुकूम देताना बोलत असतील तसे. "मला एकदा तरी मागे कुणी नसताना चालवायची आहे. लग्नाआधी चालवायचो तशी. तू मागे असलीस की मी तुझ्यासाठी चालवतो. वळण घेताना तुझा विचार, ब्रेक मारताना तुझा विचार. आणि ती खांद्यावरची थाप. इतकी वर्षं मी काही बोललो नाही. पण प्रत्येक थापेला मला वाटायचं, माझी गाडी मलाच चालवता येत नाही."

बंब, ती थाप मला काय वाटत होती ते तुला माहीत आहे. मी जाकिटाला अस्तर दिलं होतं.

मी एवढंच विचारलं, "मग फळीवरून पाय टाकताना बघत होतात, शाबास म्हणालात, ते?" "तुझा हिरमोड करवेना," म्हणाले. रोज दुपारी पेपरामागून बघत होते आणि हिरमोड करवेना.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना थोडी मोकळीक हवी असेल, इतकं काय मनाला लावून घेतेस?" मी तिला हवा कशी आहे विचारलं. तिला कुठली आपली भाषा कळायला. तिने सांगितली.

हे पुढच्या महिन्यात निघतील. थांबवलं नाही. भांडले असते, रडले असते, तर कदाचित थांबले असते, आणि मग मी मागे बसले असते. पण कुणाच्या मागे? जाकीट बॅगेत मीच भरलं. डाव्या खांद्याचा जास्तीचा थर आधी उसवून काढला.

मी येणार नाही. बसनेही नाही. पिवळ्या खोलीत दुसरं कुणी ठेव.

तुझ्याबद्दल जे लिहिलं ते परत घेतलं पाहिजे, मला कळतं. पण तूही तेवढे दिवस मला फळीवर चढू दिलंस. ह्यांच्याइतके नाही, तरी दिलंस.

पेन्सिल


२ जुलै

पेन्सिल,

तुला हे हवंय की नको, माहीत नाही. पण एकदा न लिहून बघितलं, त्याचं काय झालं ते दोघींना ठाऊक आहे. म्हणून सगळं लिहिते.

साहेब आले. निळ्या अस्तराच्या जाकिटात, ताठ. मला "वहिनी" म्हणाले, गॅरेजवाल्यांना "मालक". तुझं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. निघताना मला फोटो काढायला लावला. मी काढला, डोकं कापून.

आठ-दहा दिवसांनी परत यायचे होते, ते चौथ्याच दिवशी टेम्पोत गाडी घालून आले. गाडी उतरवण्याआधीच क्लच जळाल्याचा वास आला. साहेब खाली उतरले ते बोलतच. "मालक, गाडीत दम नाही. चढावर ओढतच नाही. वर गेलं की इंजिन आतून ठोकायला लागतं, थरथरतं आणि बंद पडतं. चारशे कमी आहे. तुम्ही मला आठशे द्यायला हवी होती."

गॅरेजवाले "बरं" म्हणून गाडी उतरवायला लागले. गिऱ्हाईक. मी मात्र विचारलं, "भावजी, ठोकायला लागलं की गिअर खाली नाही घेतलात?" म्हणाले, "घेत होतो. कळलं की घेत होतो." आणि खुर्चीवर बसून डावा खांदा चोळायला लागले. मी म्हटलं, "दुखतोय का?" तर म्हणाले, "नाही. उगीच." चहा प्यायले. मी समोर कितीदा बोलले तरी ऐकू गेलं नाही, मग मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. गॅरेजवाल्यांनी क्लचच्या पट्ट्या बदलल्या आणि म्हणाले, "चल, बघून येऊ कुठे अडते ती." खिळ्याची सीट काढून परत बसवली. मी मागे बसले. होय, मी. मागच्या रांगेतला बंब, माझं वजन तुला माहीत आहे. तोच घाट, तेच वळण. पेट्या लावल्या नव्हत्या हे खरं, पण चढली ग. हळू चढली, पण दोघांना घेऊन चढली. वर जाऊन ह्यांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं."

वरून परत येताना मी विचार करत होते, चारशेवरही तुम्ही दोघं मावला असता.

तू मला लिहिलं होतंस की मला कधी कुणी मागे बसवलं नाही. आता बसवलं. तुझ्या जागेवर. मला त्याचा आनंद झाला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

बंब


२९ जुलै

प्रिय बंब,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग डब्यात ठेवलं, जिथे ह्यांचा हात जात नाही.

हे घरी आले ते थोडे वाळून आले. आल्या आल्या म्हणाले, "गाडी बरोबर नव्हती." तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. शेजारचे वकील आले, त्यांना नकाशा उघडून दाखवला. "इथपर्यंत गेलो. पुढे इंजिनात जोरच नाही. चारशे म्हणजे खेळणं हो." वकील मान हलवतात. मी चहा देते. तुझ्या चढलेल्या गाडीबद्दल एक शब्द बोलले नाही. बोलायला लागले असते तर कुठे थांबायचं, ते मला कळलं नसतं.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. लेकीनेच बळजबरी केली. डॉक्टर म्हणाले, डावा जवळजवळ गेलाच आहे, यंत्र लावा. हे म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं." डॉक्टर त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहून पुन्हा काहीतरी बोलले. हे माझ्याकडे बघून हसले.

माझं जाकीट मी उसवलं. कापड चांगलं होतं, टाकवेना. शिलाई मशीनचं आवरण केलं. निळी बाजू वर ठेवली आहे.

काल संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. हातात गाड्यांची चित्रं, नवीन, गुळगुळीत कागदावरची. फार मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ. खरंच म्हणतोय. आठशे घेऊ, तू म्हणत होतीस तशी. मागे बसून मला सांगत जा, गिअर कधी बदलायचा ते." आणि माझा हात घेऊन स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

बंब, मी ह्या हातासाठी, ह्या खांद्यासाठी किती वर्षं थांबले होते! हात तिथेच होता. मला काही वाटेल म्हणून मी वाट बघितली. मग हात काढून घेतला आणि कपबश्या उचलल्या.

म्हटलं, "आठशे कशाला? एकट्याला चारशे पुष्कळ झाली."

ऐकू गेलं नाही. "काय म्हणालीस?" म्हणाले. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा सांगितलं.

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. थोडा ठेवते. सगळंच एकदम रिकामं झालं तर मी काय करू? पण पिवळ्या खोलीला पडदे निळे लाव, आणि सीट पुन्हा खिळ्याला टांगू नकोस. गॅरेजवाल्यांना म्हणावं, अधूनमधून बंबाला मागे बसवत जा.

इस्त्रीची फळी पुन्हा इस्त्रीला वापरते. चौथ्या मजल्यावर मात्र अजून जाते. सवय लागली आहे.

बाकी इकडे हवा छान आहे.

तुझी,
पेन्सिल